किती तास खेळलास, यापेक्षा कसा हरलास ते विचारा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा सगळी चर्चा पैशाची झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आता कंपन्यांचं काय, जाहिरातींचं काय, कराचं काय, यावर रकानेच्या रकाने भरले. त्याच कायद्यातल्या दुसऱ्या तरतुदीकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. ई-स्पोर्ट्सला त्याने मान्यता दिली आहे. निकाल हाताच्या चपळाईवर, बुद्धीच्या तल्लखपणावर आणि डावपेचांवर ठरावा, त्यात पैज नसावी, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे आता शाळा-कॉलेजांच्या स्पर्धा येणार, शिकवण्या निघणार, खेळाच्या कोट्याची मागणी होणार. कुठले खेळ निवडायचे आणि पोरांना ते कसे शिकवायचे, हे कुणीतरी ठरवावं लागणार.

घराघरांत मात्र अजून एकच प्रश्न आहे: किती तास खेळलास? आई-बाप तो रागाने विचारतात. प्रो व्हायचं स्वप्न बघणारा मुलगा त्याचंच उत्तर अभिमानाने देतो, रोज आठ तास सराव करतो म्हणून. दोघांचं भांडण असलं तरी माप एकच आहे, आणि माझ्या मते ते मापच चुकलं आहे. ज्या खेळात हरलेल्याला आपण नेमके कुठे हरलो ते बघता येतं, तोच खेळ पोरांच्या हाती द्यावा; आणि ते बघायची सवय लावणं हाच त्या खेळाच्या शिक्षणाचा मुख्य भाग असावा. हे मी रिअल-टाइम स्ट्रॅटेजी या जुन्या, आज मागे पडलेल्या प्रकाराच्या आधाराने मांडतो, कारण तो मला जवळून माहीत आहे.

आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांनी हा प्रकार सायबर कॅफेत किंवा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर लॅन टाकून खेळला असेल. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९ चा. बुद्धिबळासारखी पाळी यात नसते. दोघेही एकाच वेळी, न थांबता खेळतात. गावकऱ्यांकडून अन्न, लाकूड, सोनं, दगड गोळा करायचा, त्यातून गाव वाढवायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याला संपवायचं. नकाशावर धुकं असतं, समोरचा काय करतोय ते टेहळणी केल्याशिवाय दिसत नाही. २०१९ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती आली आणि २०२२ मध्ये तिच्यात गुर्जर, बंगाली, द्रविड अशा भारतीय फौजा वेगवेगळ्या झाल्या. पंचवीस वर्षांनंतरही तो जगभर अटीतटीने खेळला जातो.

माझा भाचा अकरावीत आहे. सुट्टीत आला होता तेव्हा एक डाव हरून तणतणत बसला होता. “मामा, फ्रँक्स ओपीच आहेत. त्यांच्या घोड्यांपुढे काही चालतच नाही.” फ्रँक्स ही खेळातली एक फौज, ओपी म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान. फ्रँकांचं घोडदळ दणकट असतं हे खरंच आहे. अठराव्या मिनिटाला याचं गाव उद्ध्वस्त झालं होतं. मी म्हटलं, डावाचा रिप्ले लाव, आणि तुझ्या नको, त्याच्या बाजूने लाव.

आता या खेळातला हिशोब थोडा समजून घ्यावा लागेल. सुरुवातीला हातात तीन गावकरी, एक टेहळ्या घोडेस्वार आणि एक टाउन सेंटर, म्हणजे गावकरी जिथे तयार होतात ती मुख्य इमारत, असतं. नवा गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात आणि ५० अन्न खर्च होतं. सुरुवातीच्या २०० अन्नात चार गावकरी होतात, पुढचं अन्न आपण मिळवायचं, आधी मेंढ्यांचं, मग रानडुकराचं. रानडुकरात ३४० अन्न असतं, पण ते गावापासून लांब असतं आणि अंगावर येतं. एका गावकऱ्याने जाऊन बाण मारायचा, ते मागे लागलं की टाउन सेंटरकडे पळत सुटायचं आणि तिथे बाकीच्यांनी मिळून त्याला पाडायचं. उशीर झाला तर अन्न आटतं, हिशोब चुकला तर गावकरी मरतो. शिवाय टाउन सेंटरमध्ये फक्त पाच जणांची सोय असते, पुढच्या प्रत्येक पाच जणांमागे एक घर बांधावं लागतं. घर नसेल तर पुढचा गावकरी जन्मालाच येत नाही.

रिप्लेमध्ये पाचव्या मिनिटाच्या आसपास भाच्याची लोकसंख्या १५ वर अडकलेली दिसली. दोन घरं झाली होती, तिसरं बांधायचं राहून गेलं होतं. त्या वेळी हा काय करत होता? टेहळ्याला घेऊन समोरच्याच्या मेंढ्या पळवायला गेला होता, सगळं लक्ष तिकडे. घराचं सुचलं, पण ते उभं राहायलाही २५ सेकंद लागतात. नंतर सातव्या मिनिटाला पुन्हा टाउन सेंटर थांबलं, कारण दुसरं रानडुक्कर आणायला उशीर झाला आणि अन्न ५० च्या खाली गेलं. इकडे अर्धा मिनिट, तिकडे पाऊण मिनिट, असं करत जवळजवळ दोन मिनिटं त्याचं टाउन सेंटर रिकामं बसलेलं होतं. समोरच्याने साडेसातव्या मिनिटाला पुढच्या युगाकडे, म्हणजे नवं सैन्य खुलं होणाऱ्या टप्प्याकडे, जायचं बटण दाबलं, याने तेवढ्याच गावकऱ्यांवर साडेनवव्या मिनिटाला. त्याचे घोडेस्वार याच्या लाकूडतोड्यांवर येऊन पडले तेव्हा हा अजून पहिल्याच युगात होता, भालेवाला तयार करायची सोयच नव्हती. गावकरी लाकूड सोडून पळाले, लाकूड थांबलं, शेतं थांबली, आणि पुढचं सगळं घसरत गेलं. अठराव्या मिनिटाचा पराभव पाचव्या मिनिटाला सुरू झाला होता. त्यात फ्रँकांचा काही संबंध नव्हता. दुसरी कुठलीही फौज असती तरी तो हरलाच असता.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “परत पाचव्या मिनिटापासून लाव ना.”

हा रिप्ले म्हणजे व्हिडिओ नसतो, हे मुद्दाम सांगायला हवं. दोघांनी कुठल्या क्षणी कुठला हुकूम दिला एवढंच त्या फाइलमध्ये साठवलेलं असतं आणि त्यावरून संगणक सगळा डाव पुन्हा जसाच्या तसा घडवून आणतो. त्यामुळे धुकं बाजूला सारून समोरच्याच्या गावात हिंडता येतं, त्याच्या कोठारात किती लाकूड होतं ते बघता येतं, हवं तिथे थांबवता येतं. क्रिकेटमध्ये पायचीत दिलेल्या चेंडूवर वर्षभर वाद घालता येतो. इथे सबबीला जागाच राहत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या चुकीचा इतका बिनचूक, न ओरडणारा, अपमान न करणारा हिशोब दुसरीकडे कुठे मिळतो? शाळेत पेपर मिळतो तो गुणांसकट, आणि घरी त्यावर बोलणी बसतात.

त्यानंतर त्याने जे केलं तेच या खेळात सुधारायचं खरं तंत्र आहे असं मी मानतो. एकच गोष्ट धरली: टाउन सेंटर रिकामं राहता कामा नये. एच दाबलं की टाउन सेंटर निवडलं जातं, क्यू दाबलं की गावकरी सुरू होतो. सैन्य लढत असो, रानडुक्कर मागे लागलेलं असो, दर थोड्या वेळाने बोटं तिकडे गेलीच पाहिजेत. बाकी सगळं त्या काळात बिघडलं तरी चालेल असं ठरवलं. बिघडलंही. डाव हरत गेला. पण रिप्लेमधला रिकामा वेळ कमी होत गेला, आणि तो जिंकण्या-हरण्याऐवजी तोच आकडा बघू लागला. ते अंगवळणी पडल्यावर मग घरं, मग रानडुक्कर, मग टेहळणी. नवशिके नेमकं उलटं करतात. यूट्यूबवर जगज्जेत्याची नवी चाल बघतात आणि ती स्वतःच्या डावात लावायला जातात. पण त्या चालीखालचे तेवीस-चोवीस गावकरीच त्यांच्याकडे वेळेवर झालेले नसतात.

सुधारणा मोजायला जिंकलेले डाव का चालत नाहीत, हे पालकांनीही समजून घ्यावं. या खेळांत खेळाडूंना एलो पद्धतीने गुण दिले जातात. मूळ पद्धत बुद्धिबळाची, आर्पाद एलो या भौतिकशास्त्रज्ञाची. एज ऑफ एम्पायर्समध्ये तुम्ही १००० वर सुरू करता आणि खेळ तुमच्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी शोधून देतो. तुम्ही चांगले झालात की समोरचाही तगडा येतो. त्यामुळे कितीही सुधारलात तरी साधारण निम्मे डाव हरणारच, वर्षभरानेही आणि पाच वर्षांनीही. ज्याला प्रत्येक पराभव म्हणजे स्वतःचा कमीपणा वाटतो तो इथे टिकत नाही, किंवा वाईट म्हणजे टिकतो आणि चिडून, रात्र रात्र जागून ‘एक तरी जिंकूनच झोपेन’ म्हणत खेळत राहतो. घरी जी भांडणं होतात त्यातली बरीचशी या शेवटच्या डावाची असतात. तो डाव न खेळता आधीचा हरलेला डाव बघायला बसलेलं पोर दहा-पंधरा मिनिटांत शांत होतं, हे मी बघितलं आहे.

तासांचं माप कुठे नेतं ते दक्षिण कोरियाने दाखवून दिलं. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले, त्यांना पीसी बँग म्हणतात, आणि १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ हा याच प्रकारातला खेळ आला. पुढच्या काही वर्षांत या एका खेळाभोवती टीव्ही वाहिन्या, पुरस्कर्ते, पगारी संघ उभे राहिले. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगाली समुद्रकिनाऱ्यावर लीगचा अंतिम सामना झाला तेव्हा तो बघायला प्रचंड गर्दी लोटली. संघातले मुलगे एकाच घरात राहून रोज दहा-दहा, बारा-बारा तास खेळत. नुसते तास नव्हते, हे मान्य करायला हवं. प्रशिक्षक होते, सरावाचे जोडीदार होते, प्रतिस्पर्ध्याच्या डावांचा कसून अभ्यास होता. लिम यो-ह्वान, ली यंग-हो असे खेळाडू त्यातूनच घडले. पण शाळा सुटलेली, वीस-बाविशीत कारकीर्द ओसरलेली, हातात दुसरं काही नसलेली मुलंही त्यातूनच निघाली. २०१० मध्ये सामना-निश्चितीचं प्रकरण उघड झालं, त्यात नावाजलेले विजेतेही सापडले. २०१६ मध्ये ती संघांची लीगही बंद पडली.

त्याच देशाने २०११ मध्ये कायदा केला की सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन खेळता येणार नाही. दहा वर्षं तो चालला आणि २०२२ उजाडताना रद्द झाला. संघ घड्याळाकडे बघून तास वाढवत होते, सरकार घड्याळाकडेच बघून तास कापत होतं. मुलगा त्या तासांत काय करतो, हे दोघांच्याही हिशोबात नव्हतं. आपणही आज त्याच दोन टोकांमध्ये उभे आहोत.

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला ‘स्टारक्राफ्ट २’ च्या जागतिक अंतिम सामन्यात योना सोताला या फिनलंडच्या तरुणाने कोरियाच्या किम दे-योबला ४-२ ने हरवलं. सेराल हे त्याचं खेळातलं नाव. त्याआधी या अंतिम स्पर्धेचा प्रत्येक विजेता कोरियन होता. सेराल कोरियातल्या संघाच्या घरात राहून तयार झाला नाही. तो फिनलंडमध्येच, घरी राहून वाढला आणि शाळा संपवून मगच पूर्णवेळ खेळाडू झाला. तो कमी खेळतो असा याचा अर्थ मुळीच नाही. जगात पहिला येणारा कुणीही भरपूर खेळतोच. पण डांबून ठेवल्याशिवाय ती उंची गाठता येत नाही हा समज त्याने मोडला, आणि उद्या आपल्याकडे ‘ई-स्पोर्ट्सची निवासी अकादमी’ म्हणून जी पाटी लागेल तिच्यासमोर उभं राहून पालकांनी त्याची आठवण ठेवावी.

तालमीत वस्ताद जोर-बैठका मोजतो खरा, पण कुस्ती लागली की त्याची नजर पोराच्या पायावर असते. पाय कुठे चुकला ते तिथल्या तिथे सांगणारा तोच असतो. आपल्या गेमिंगच्या चर्चेत फक्त बैठका मोजणारे आहेत.

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. मिनिटाला तीनशे-चारशे हुकूम देणारी बोटं बघून लोकांना वाटतं की हा केवळ हाताचा खेळ आहे, विशीत संपणारा. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ च्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंचे डाव तपासले. प्रतिसादाचा वेग चोविशीपासूनच मंदावू लागतो, हे त्यांना दिसलं आणि बातम्या तेवढ्याच झाल्या. पण मोठ्या वयाचे खेळाडू साधे, कमी कटकटीचे हुकूम निवडून ती कसर भरून काढतात, हेही त्याच अभ्यासात आहे. मला त्यातली ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. आणि लक्षात घ्या, इतक्या लोकांचं कसब इतक्या बारकाईने तपासता आलं ते रिप्ले होते म्हणून.

यंत्राचंही तसंच. गूगलच्या डीपमाइंड या कंपनीच्या अल्फास्टार या प्रोग्रॅमने डिसेंबर २०१८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ च्या दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० ने हरवलं. स्वतःशी खेळून त्याच्या एकेका प्रतीने दोनशे वर्षांपर्यंतचा खेळ अनुभवला होता, हे सगळ्यांनी छापलं. पण स्वतःशी खेळायच्या आधी तो माणसांच्या डावांचे रिप्ले बघून शिकला होता. त्यातल्याच माना या पोलिश खेळाडूने नंतर एका थेट डावात त्याला हरवलं. विमानातून काही सैनिक मागच्या दाराने उतरवायचे, यंत्राचं सगळं सैन्य परत धावलं की ते उचलून घ्यायचे, ते माघारी गेलं की पुन्हा उतरवायचे. यंत्र प्रत्येक वेळी फसलं. उलट, मजूर गरजेपेक्षा जास्त करून ठेवायची यंत्राची सवय खेळाडूंनी रिप्लेमधून उचलली. दोघंही एकमेकांचे डाव बघून शिकले.

बुद्धिबळाला आपण हे सगळं केव्हाच मान्य केलं आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला अभिमान वाटला. आजचं बुद्धिबळ बऱ्याच अंशी संगणकासमोर बसूनच शिकलं जातं. तरी बुद्धिबळपटूला ‘स्क्रीनसमोर किती तास बसतेस’ असं कुणी विचारत नाही, कारण ती बसून काय करते ते आपल्याला कळतं: चाली लिहिलेल्या असतात, हरलेला डाव उलगडून बघितला जातो. हीच समज दुसऱ्या खेळांना दाखवायला काय हरकत आहे?

पण सगळ्याच खेळांना नाही, आणि इथे मी हट्टाने बोलणार आहे. पैसे भरले की ज्यात सैन्य बळकट होतं तो खेळ कितीही लोकप्रिय असला तरी शाळेच्या स्पर्धेत येता कामा नये. जिथे दोघांची सुरुवात सारखी नसते, जिथे हरल्यावर मागे वळून डाव पूर्ण बघता येत नाही, जिथे जिंकणं बऱ्याच अंशी नशिबाने पडणाऱ्या वस्तूंवर अवलंबून असतं, त्या खेळात मूल वर्षभर घालवूनही नेमकं काय शिकलं हे त्यालाच सांगता येणार नाही. अशा खेळाला करमणूक म्हणावं, त्यात वाईट काही नाही. त्यासाठी सरकारी मान्यता आणि कॉलेजचा निधी मागू नये. जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रदर्शनी म्हणून ‘स्टारक्राफ्ट २’ होता, २०२३ मध्ये हांगझोला ई-स्पोर्ट्सची पदकं आली तेव्हा तो नव्हता. खेळ कुठले ठेवायचे हे शेवटी प्रेक्षक आणि प्रायोजक ठरवतात. निदान शैक्षणिक संस्थांनी तरी त्यांच्या मागे फरपटत जाऊ नये.

यावर आक्षेप येतो तो खर्चाचा. हे खेळ कीबोर्ड आणि माउसचे आहेत, आपल्याकडे पोरांच्या हातात मोबाइल आहे, गेमिंगचा पीसी कुणाला परवडतो? आक्षेप खरा आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. मूळ ‘स्टारक्राफ्ट’ २०१७ पासून फुकट आहे आणि तो १९९८ च्या संगणकांसाठी बनवलेला आहे. ‘झिरो ए.डी.’ हा मुक्त-स्रोत खेळ लिनक्सवरही चालतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्यात मौर्यांची फौजही आहे. शाळा-कॉलेजांच्या संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी कुलूप लावून पडून असतात. दुसरा आक्षेप व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची नोंद आपल्या रोगांच्या यादीत केली आहे आणि ज्या घरात तो आहे तिथे डॉक्टरकडेच जावं लागेल, लेख वाचून भागणार नाही. पण प्रयोगशाळेत, शिक्षकासमोर, दोघे-दोघे बसून ठरलेले डाव खेळणारी मुलं आणि रात्री दोनला पांघरुणात मोबाइल घेऊन पडलेला मुलगा, या दोन गोष्टी एकाच नावाने हाकायचं आपण थांबवलं पाहिजे.

कॉलेजांच्या जिमखान्यांनी पुढच्या गॅदरिंगला ई-स्पोर्ट्सचा कार्यक्रम ठेवलाच, तर एक नियम त्यात घालावा. शोगीत, म्हणजे जपानी बुद्धिबळात, डाव संपला की दोघे खेळाडू तिथेच बसून तो पुन्हा मांडतात आणि कुणाचं कुठे काय चुकलं यावर बोलतात. बुद्धिबळातही हे चालतं. तसंच इथे करावं. प्रत्येक सामन्यानंतर वीस मिनिटं राखून ठेवावीत, रिप्ले पडद्यावर लावावा, आधी हरलेल्याने आपली चूक दाखवावी, मग जिंकलेल्याने आपली. प्रेक्षकांतल्या मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. वेळापत्रक थोडं लांबेल, त्यासाठी सामने कमी ठेवावे लागले तरी चालेल. सगळ्या सामन्यांच्या फाइली कॉलेजच्या संगणकावर ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सुरुवात तिथून करता येईल.